मारवाडातले कातळ आणि त्यांवरची झाडे : नाशिकहून जाणाऱ्यांसाठी

रानवाट

नाशिकहून राजस्थानात जाणारी बहुतेक मंडळी जोधपूरचा किल्ला, जैसलमेरच्या हवेल्या आणि समच्या वाळूच्या टेकड्या पाहून परत येतात. हे सगळे पाहण्यासारखे आहेच. परंतु थरच्या वाळवंटात वाळूखेरीज उघड्या कातळाचेही फार मोठे क्षेत्र आहे आणि कातळाची जात बदलली की त्यावर उगवणारे झाडही बदलते, ही गोष्ट सहलीच्या ठरीव कार्यक्रमांत कुणी दाखवत नाही. माझे सांगणे एवढेच आहे की तेथे झाडे एकीकडे आणि खडक दुसरीकडे असे पाहू नयेत. दगड ओळखला की झाड त्याच जागी का आहे हे उमगते, आणि एकदा ते उमगले की ज्याला आपण उजाड म्हणून गाडीच्या काचेतून मागे टाकतो तो प्रदेश वाचता येऊ लागतो.

सुरुवात जोधपूरपासून करावी. मेहरानगड ज्या टेकडीवर उभा आहे तिचा खडक आपल्या ब्रह्मगिरी-अंजनेरीसारखा काळा नाही. तो तांबूस, विटकरी, काही ठिकाणी जांभळट छटेचा आहे. हा रायोलाइट. सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वी या भागात प्रचंड ज्वालामुखी उद्रेक झाले, त्यांतून तयार झालेल्या खडकांच्या समूहाला मालाणी हे नाव आहे. काही ठिकाणी लाव्हाऐवजी तप्त राख साचली आणि स्वतःच्याच उष्णतेने व भाराने वितळून एकजीव झाली. त्या खडकाला वेल्डेड टफ म्हणतात. किल्ल्याच्या पायथ्याचा हा टफ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केलेला आहे. आपल्या सह्याद्रीचा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे जोधपूरचा हा कातळ त्याच्या दहापटींहून जुना आहे. किल्ल्यात शिरण्याआधी निदान अर्धा तास तरी या दगडासाठी राखून ठेवावा.

या दगडावर माती जवळजवळ तयार होत नाही. बसाल्ट झिजून काळी माती होते आणि ती पाणी धरून ठेवते, म्हणून आपल्याकडे डोंगराच्या पायथ्याशी शेती पिकते. रायोलाइट अतिशय सावकाश झिजतो, आणि त्याच्या भेगांत वाऱ्याने आणलेली मूठभर माती व पावसाचे उतरलेले पाणी एवढेच झाडाच्या वाट्याला येते. त्या भेगांत मुळे रोवून थोर उभा राहतो. आपल्या शेताच्या बांधावरच्या निवडुंगाचाच हा एक भाऊबंद. वर्षातला बराचसा काळ त्याला पाने नसतात आणि हिरव्या खोडावरच त्याचे अन्न तयार होते. पावसाळ्यात काही आठवडे पाने येतात आणि गळून जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्यावर लहान लालसर फुले येतात. थोराच्या दाट जाळीत शेळ्यांचे तोंड पोहोचत नाही, त्यामुळे इतर झाडांची रोपे तिच्या आडोशाने वाढतात. एखाद्या थोराच्या जाळीसमोर उभे राहून तिच्या आत आणखी काय काय उगवले आहे हे नीट पाहिले, तर त्या कातळावर जंगल कसे उभे राहते याचा उलगडा तेथल्या तेथे होतो.

हे सगळे एका जागी पाहायचे असेल तर किल्ल्याला लागून असलेले राव जोधा डेझर्ट रॉक पार्क पाहावे. सुमारे ७२ हेक्टरांच्या या खडकाळ जागेवर परदेशातून आलेल्या वेड्या बाभळीने पूर्ण ताबा मिळवला होता. २००६ साली तेथे काम सुरू झाले, प्रदीप कृष्ण यांनी त्याची दिशा ठरवली आणि २०११ साली बाग लोकांसाठी खुली झाली. वेडी बाभूळ वरून तोडली तर पुन्हा फुटते, कारण तिचे मूळ कातळाच्या भेगेत खोलवर असते. ते मूळ कसे काढावे हे कुणालाच उमजत नव्हते. शेवटी वालुकाश्माच्या खाणींत पिढ्यान्‌पिढ्या काम करणारे खांडवालिया कारागीर बोलावण्यात आले. ते कातळावर हातोडा मारून आवाज ऐकतात आणि दगड कोठे भरीव आहे, कोठे भेग आहे, कोठे तो सहज उकलेल हे त्यावरून ओळखतात. त्यांनी छिन्नी-हातोड्याने दीड फुटाच्या आसपास खोल जाऊन मुळे काढली, आणि जे खड्डे शिल्लक राहिले त्यांतच मारवाडची मूळची झाडे लावली गेली. ज्या भेगेने परक्या झाडाला आसरा दिला तीच भेग मोकळी करून तेथल्या झाडाला परत देण्याचे हे काम मला फार मोलाचे वाटते. खुणा केलेल्या पायवाटांवरून चालताना थोर, कुमट, गुग्गुळ, गोंदी, रोहिडा ही झाडे जवळून दिसतात, आणि पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी कातळ कोरून काढलेली हाथी नहरही वाटेत लागते.

जैसलमेरला गेल्यावर बाडमेर रस्त्यावर सुमारे १७ किलोमीटरांवर आकल आहे. येथे झाड आणि दगड एकच झाले आहेत. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळात, येथे दमट हवेतले जंगल होते. कोसळलेली, वाहून आलेली खोडे गाळाखाली गाडली गेली आणि सिलिका, म्हणजे वाळूतले मुख्य द्रव्य, विरघळलेले पाणी झिरपून लाकडाच्या जागी कणाकणाने दगड बसत गेला. खोडाचा आकार, सालीच्या रेषा, गाठी सारे तसेच राहिले. २१ हेक्टरांच्या परिसरात अशी सुमारे २५ खोडे विखुरलेली आहेत, त्यांतले सर्वांत मोठे १३ मीटरांहून लांब आहे. खोडांवर जाळीचे पिंजरे आणि पत्र्याची छपरे असल्यामुळे छायाचित्र मनासारखे येत नाही, म्हणून अनेक जण पाच मिनिटांत माघारी फिरतात. तेथे खाली बसून जाळीतून एकाच खोडाकडे पाहत राहावे, मग लाकडाची वीण दिसू लागते. त्या काळी तेथे फुले येणारी झाडे नव्हती. ही सगळी देवदार, चीड, रेडवुड यांच्या जातकुळीतली सूचिपर्णी झाडे. आज त्याच जमिनीवर केर हे काटेरी झुडूप आणि थोर उभे आहेत, आणि जैसलमेरचा वार्षिक पाऊस जेमतेम दोनशे मिलिमीटरांच्या आतबाहेर आहे.

येथे ज्यांनी हा प्रदेश पाहिला आहे त्यांनी आपापली निरीक्षणे जोडावीत, ही विनंती.

सातपूरकर

लेख अतिशय आवडला. दोन शंका आहेत. आम्ही डिसेंबरात जोधपूर ते जैसलमेर हा प्रवास मोटारीने केला तेव्हा रस्त्याकडेच्या शेतांतली खेजडीची झाडे वरून पूर्ण छाटलेली होती; नुसते खुंट आणि त्यांवर काड्यांचे झुबके दिसत होते. राजस्थानचा राज्यवृक्ष म्हणून ज्याचा गौरव होतो त्याची ही अवस्था का? दुसरी शंका अशी की आई-वडील सोबत असतील आणि त्यांना फार चालता येत नसेल, तर यांतले काय झेपण्यासारखे आहे?

शमीपत्र

सातपूरकर, तुम्ही पाहिलेली झाडे मेलेली नव्हती. हिवाळ्यात खेजडीच्या फांद्या छाटतात, त्याला तिकडे छंगाई म्हणतात. सुकलेला पाला, म्हणजे लूंग, शेळ्या-मेंढ्या आणि उंटांच्या वैरणीसाठी साठवला जातो, काटेरी फांद्या कुंपणाला आणि चुलीला जातात. उन्हाळा जवळ आला की झाडाला पुन्हा कोवळी पालवी फुटते. मे महिन्यात इतर सारे करपलेले असताना खेजडी हिरवी असते, कारण तिचे सोटमूळ तीस मीटरांपर्यंत खाली जाऊ शकते. म्हणूनच वाळू खोल साचलेल्या सपाट शेतांत ती सुखाने वाढते आणि रायोलाइटच्या उघड्या माथ्यावर ती क्वचितच दिसते. रानवाट यांनी मांडलेला मुद्दा येथे अगदी चपखल लागू पडतो.

खेजडी म्हणजे आपली शमी. नाशिकला दसऱ्याच्या दिवशी आपण तिची पूजा करतो, पण शमीचे पूर्ण वाढलेले झाड आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. मारवाडात शेतकरी ती शेतातच राखतात. तिच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीत नत्र वाढते, पानगळीने माती सुधारते, आणि तिच्याखालची बाजरी उघड्यावरच्या बाजरीपेक्षा चांगली येते, हा तेथल्या शेतकऱ्यांचा अनुभव आहे आणि जोधपूरच्या काझरी या शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेच्या अभ्यासांतूनही तो पुढे आला आहे.

मात्र सगळे आलबेल आहे असे म्हणणे योग्य ठरणार नाही. दरवर्षी झाड पूर्ण बोडके केले तर त्याला शेंगा धरायला उसंत मिळत नाही. ट्रॅक्टरच्या नांगरटीने वरची मुळे दुखावतात आणि रोपे उखडली जातात, मुळांना किडा आणि बुरशी लागते, भूजल खाली जाते. राजस्थानच्या काही जिल्ह्यांत खेजडी वाळत चालल्याची नोंद यामुळेच झालेली आहे. तेव्हा तुम्हाला वाटलेली काळजी अगदीच निराधार नाही.

जोधपूरपासून सुमारे २६ किलोमीटरांवरच्या खेजडली गावाला अवश्य जावे. १७३० साली महाराजा अभयसिंहांच्या नव्या महालासाठी चुना भाजायला लाकूड हवे होते, म्हणून माणसे तेथली खेजडी तोडायला आली. अमृतादेवी बिश्नोई आणि त्यांच्या मुली झाडांना मिठी मारून उभ्या राहिल्या आणि मारल्या गेल्या. त्यांच्यामागून झाडे-जनावरे राखणे हा धर्म मानणाऱ्या बिश्नोई पंथाचे लोक गावोगावहून येत गेले आणि एकूण ३६३ जणांनी प्राण दिले. दरवर्षी भाद्रपद शुद्ध दशमीला तेथे मेळा भरतो. आपल्याकडे तेव्हा गणपती बसलेले असतात, त्यामुळे महाराष्ट्रातून सहसा कुणी जात नाही. ज्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो त्यांनी एखाद्या वर्षी हे जमवून पाहावे.

ब्रह्मगिरी

दगडाविषयी थोडी भर घालतो.

नाशिकच्या माणसाची नजर बसाल्टवर घडलेली असते. बसाल्टचा लाव्हा पातळ असल्यामुळे तो दूरवर पसरत गेला, एकावर एक थर बसले, आणि म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे, माथ्यावर सपाट दिसतात. धोडपची कातळभिंत किंवा मनमाडजवळची हडबीची शेंडी हे त्या साच्यातून उठून दिसणारे अपवाद. रायोलाइटच्या लाव्हात सिलिका अधिक असते, तो घट्ट असतो आणि फार दूर वाहत नाही. म्हणून जोधपूरच्या टेकड्यांना आपल्यासारख्या पायऱ्या नाहीत. त्या ओबडधोबड, गोळीबंद आणि भेगाळलेल्या आहेत. काही ठिकाणी रायोलाइट थंड होताना आकसून त्याचे उभे बहुकोनी खांब झालेले आहेत. बसाल्टमधले खांब ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ते लगेच ओळखू येतील.

मेहरानगडाच्या परिसरात आणखी एक गोष्ट आहे जिच्यासाठी भूविज्ञानाचे विद्यार्थी मुद्दाम येतात. रायोलाइटवर थेट जोधपूरचा वालुकाश्म बसलेला आहे, आणि दोहोंच्या मधली रेषा उघड्यावर दिसते. खालचा खडक आगीतून आलेला, वरचा पाण्याने आणलेल्या वाळूचा, आणि त्या रेषेत कोट्यवधी वर्षांचा असा काळ आहे ज्याचा एकही थर शिल्लक नाही. ही जागासुद्धा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. उमेदभवन आणि शहरातल्या बहुतेक जुन्या इमारती याच वालुकाश्माच्या आहेत. किल्ल्याच्या तटाकडे नीट पाहिले तर खालचा नैसर्गिक कडा आणि वरची बांधलेली भिंत यांतला दगडाचा फरक दुरूनही कळतो.

मोटारीने जाणाऱ्यांनी अबू रोड ते पाली या टप्प्यात जवाईला थांबावे, असे मी आग्रहाने सुचवतो. तेथे ग्रॅनाइटचे प्रचंड, गुळगुळीत घुमट शेतांतून वर आलेले आहेत. ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर तयार होतो. वरचा भार झिजून गेला की तो किंचित प्रसरण पावतो आणि त्याचे पापुद्रे कांद्याच्या पातीसारखे सुटू लागतात. त्यांतून घुमट, कपारी आणि गुहा तयार होतात. त्या गुहांत बिबटे राहतात आणि खालच्या रानात रबारी मेंढपाळ आपली जनावरे चारतात. अबूच्या नक्की तलावाजवळचा बेडकाच्या आकाराचा टोड रॉक सर्वांना ठाऊक असतो, परंतु त्याच परिसरातल्या ग्रॅनाइटमध्ये वाऱ्या-पाण्याने आणि क्षारांनी कोरलेल्या पोकळ्या मला त्याहून अधिक पाहण्यासारख्या वाटतात.

गोदातीर

चर्चा मोलाची आहे. एका मुद्द्यावर मात्र माझे मत निराळे आहे, ते नोंदवते.

वेड्या बाभळीविषयी आपण सर्वच जण फार कठोर बोलतो. जोधपूर संस्थानात १९३०च्या दशकात तिचे बी विमानातून पेरले गेले असे सांगतात, आणि त्यामागे वाळूचे सरकणे थांबावे, लोकांना सरपण मिळावे हा हेतू होता. सरपण तिने खरोखरच दिले. मारवाड-कच्छमधल्या गरीब घरांतल्या चुली आणि कोळसा पाडणाऱ्यांची पोटे आजही तिच्यावर चालतात. राव जोधा बागेतले काम सुंदर आहे, पण ते ७२ हेक्टरांचे, कुंपण घातलेले, मनुष्यबळ आणि पैसा उपलब्ध असलेले काम आहे. तो नमुना सगळ्या मारवाडाला लावायला निघालो तर ज्यांच्या डोक्यावर सरपणाची मोळी असते त्यांना आधी विचारायला हवे.

रानवाट

गोदातीर, तुम्ही सरपणाचा प्रश्न उपस्थित केलात हे फार चांगले झाले. ही बाभूळ सरसकट काढावी असे माझे म्हणणे नाही आणि ते शक्यही नाही. परंतु चुलीला लाकूड देण्याचे काम केर, कुमट, खेजडी आणि फोगही शतकानुशतके करत आले होते, आणि त्यासोबत वैरण, भाजी, डिंक, औषध हेही देत होते. फोगाचे उदाहरण घ्या. वाळूच्या टेकडीवर जवळजवळ पानाविना उभे राहणारे हे झुडूप आपल्या पसरलेल्या मुळांनी टेकडी बांधून ठेवते, त्याच्या फुलांचा रायता होतो, आणि त्याच्या मुळांचा कोळसा उत्तम होतो म्हणून तेच मुळासकट उपटले गेले. वेड्या बाभळीखाली दुसरे काही सहसा वाढत नाही. एक झाड शंभर गरजांपैकी एक गरज भागवते आणि बाकीच्या नव्व्याण्णव भागवणाऱ्यांना जागा उरू देत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

आपल्याकडेही ओसाड दिसणाऱ्या डोंगरांवर गिरिपुष्प या परक्या झाडाची सरसकट लागवड झालेली आहे. अंजनेरीच्या पठारावरच्या कंदीलपुष्पांसारख्या वनस्पती उथळ मातीच्या उघड्या कातळावरच जगतात. तेथे झाड नाही म्हणजे काहीच नाही, असे समजून खड्डे खणले तर त्या कायमच्या जातील. राव जोधा बागेत फिरताना मला सतत अंजनेरी आठवत राहिली ती यामुळेच.

सातपूरकर, तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर: राव जोधा बागेच्या पायवाटा खडबडीत आणि चढ-उताराच्या आहेत, त्यामुळे तुमच्या आई-वडिलांना सिंघोरिया पोळ या जुन्या वेशीजवळच्या प्रवेशद्वारापाशी आणि जवळच्या झाडांपाशी थांबणे सोपे जाईल. आकलची जमीन तुलनेने सोपी आहे. खेजडलीला गाडी अगदी जवळपर्यंत जाते.

पाथर्डी फाटा

आम्ही आकलला गेलो होतो तेव्हा काही प्रवासी जाळीबाहेर पडलेले दगडी लाकडाचे तुकडे खिशात टाकत होते. हटकले तर म्हणाले, एवढे पडले आहेत, एकाने काय होते. कृपया कुणीही असे करू नये.

देवळाली ते मोहावी

मी मूळची देवळाली कॅम्पची, सध्या दक्षिण कॅलिफोर्नियात राहते. येथून काही तासांवर मोहावी वाळवंटात जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान आहे. १९३६ साली ते राष्ट्रीय स्मारक झाले आणि १९९४ साली राष्ट्रीय उद्यान. त्याचे क्षेत्र सुमारे ३,२०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जैसलमेर-बाडमेरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाएवढेच. रानवाट यांनी दगड आणि झाड एकत्र पाहण्याचा जो मुद्दा मांडला, तो येथेही तंतोतंत पटतो.

जोशुआ ट्री हे नाव वृक्षाचे असले तरी ती युक्काची एक जात आहे. खोडात वर्षागणिक वलये पडत नाहीत, म्हणून झाडाचे वय उंचीवरून अदमासाने सांगावे लागते. तिच्या फुलांचे परागण युक्का पतंग नावाचा एक लहान कीटकच करतो. मादी पराग गोळा करून दुसऱ्या फुलावर नेऊन ठेवते आणि त्याच फुलात अंडी घालते. अळ्या काही बिया खातात, उरलेल्या झाडाला मिळतात. झाडावाचून पतंग नाही आणि पतंगावाचून बी नाही.

येथले खडक मोंझोग्रॅनाइटचे, म्हणजे ग्रॅनाइटच्याच एका प्रकाराचे आहेत. दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी ते जमिनीखाली थंड झाले, त्यांना उभ्या-आडव्या भेगा पडल्या, त्या भेगांतून भूजल मुरून ठोकळ्यांचे कोपरे झिजले, आणि पुढे अचानक येणाऱ्या पुरांनी माती वाहून नेल्यावर एकावर एक रचल्यासारखे गोल धोंडे उघडे पडले. कसारा घाटातल्या रस्त्याच्या कापांत बसाल्टचे गोलसर धोंडे मातीत बसलेले दिसतात, त्यांतली माती कुणी काढून घेतली तर जे दिसेल तसे काहीसे हे दृश्य आहे. जोशुआ झाडे या धोंड्यांमधल्या सपाट, भरड मातीवर वाढतात. धोंड्यांच्या भेगांत मात्र जुनिपर, पिन्यॉन पाइन आणि ओकची खुरटी झाडे असतात, कारण दगडावरून घरंगळलेले पावसाचे पाणी भेगेत मुरते. उद्यानाच्या पूर्वेकडच्या उतरत्या भागात गेले की जोशुआ झाडे संपतात आणि चोया निवडुंग व ओकोटियोची काटेरी झुडपे सुरू होतात. पुढच्या खेपेला नाशिकला आले की जोधपूरला जायचे ठरवले आहे. कोणता महिना चांगला?

शमीपत्र

महिन्याविषयी माझे मत बहुतेकांच्या मताविरुद्ध आहे. सारे जण डिसेंबर-जानेवारी सुचवतात. कुरजा पक्ष्यांचे थवे फलोदीजवळच्या खिचनला पाहायचे असतील तर ते योग्यच आहे. परंतु झाडांसाठी जायचे असेल तर फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ निवडावा. रोहिडा तेव्हा फुलतो. एकाच जातीच्या झाडांना पिवळी, केशरी आणि लाल अशी निरनिराळी फुले येतात आणि वाळूच्या फिकट पार्श्वभूमीवर ती फार दुरून दिसतात. थोराला त्याच सुमारास फुले असतात. दुपारी ऊन तापू लागते, पण सकाळ-संध्याकाळ सोसवते.

दुसरा काळ पावसाचा, म्हणजे ऑगस्टचा. तेव्हा कातळ ओला असतो, रंग खुलतात, थोराला पाने असतात, आणि जैसलमेरच्या माळांवर सेवण गवत डोलते. माळढोकाचा तो प्रदेश आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक आपल्या डोळ्यांदेखत जवळजवळ नाहीसा झाला हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या गवताचे मोल वेगळे सांगायला नको.

आणखी एक. जाता येता वाटेत ओरण दिसली तर थांबावे. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, आपल्या देवराईसारखे. तेथे कुऱ्हाड चालत नाही. जैसलमेरकडे देगराय मातेची मोठी ओरण आहे. जाळ, म्हणजे पिलूची, वेडीवाकडी, बुंध्याशी पोकळ झालेली म्हातारी झाडे अशा ओरणांतच राहिली आहेत. नगर भागात आपण जिला नेपती म्हणतो तो केरही तेथे झाडासारखा उंच वाढलेला दिसतो. अशा ओरणांच्या आसपास, आणि काही ठिकाणी त्यांच्यामधूनही, सौरऊर्जा प्रकल्प आणि विजेच्या तारा येत आहेत. खेजडी तोडली जाते म्हणून बिश्नोई समाज पुन्हा आंदोलनाला उभा राहिला आहे. सूर्यापासून वीज मिळायलाच हवी, त्याविषयी दुमत नाही. पण जमिनीच्या नोंदीत पडीक लिहिले आहे म्हणून ती रिकामी आहे असे मानणे मला अन्यायाचे वाटते. मारवाडाला पडीक जमीन नाही, तेथे प्रत्येक दगडाला वापरणारे कुणीतरी आहे.

सातपूरकर

शमीपत्र, मनापासून आभार. आम्ही मार्चमध्येच जायचे नक्की करत आहोत. नाशिकहून जाण्याची सोय, आणि सोबत काय ठेवावे, एवढे कुणी सांगावे. तेथे स्थानिक जेवणात काय मागावे हेही कळले तर बरे.

गोदातीर

जेवणात पंचकुटा मागावा: केर, सांगरी, कुमट, गुंदा आणि आमचूर यांची सुकी भाजी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा आणि कुमट म्हणजे ज्याच्यापासून डिंक मिळतो त्या झाडाच्या बिया. दिवसा जी झाडे पाहिली तीच संध्याकाळी बाजरीच्या भाकरीसोबत ताटात येतात. सुकी केर-सांगरी जोधपूरच्या बाजारात किलोवर मिळते आणि नाशिकला आणल्यावर बरेच दिवस टिकते. केर मात्र नीट भिजवून त्याचा कडवटपणा काढावा लागतो.

रानवाट

रेल्वेने जायचे तर पंचवटी एक्सप्रेसने दादर गाठावे आणि वांद्रे टर्मिनसवरून जोधपूरची सूर्यनगरी एक्सप्रेस घ्यावी. दोन्ही गाड्यांच्या वेळा निघण्याआधी पाहून घ्याव्यात. मोटारीने सापुतारा, सुरत, अहमदाबाद, पालनपूर, अबू रोड असा रस्ता आहे, आणि तो एका दिवसात संपवण्याचा हट्ट धरू नये. ब्रह्मगिरी यांनी सुचवलेले जवाई मुक्कामाला सोयीचे आहे. जोधपूरहून जैसलमेर सुमारे २८५ किलोमीटर आहे, आणि थोडी वाट वाकडी करून ओसियां व खिचन त्यात बसवता येतात.

घोट्याच्या वर येणारे बूट, टोपी आणि प्रत्येकी निदान तीन लिटर पाणी असावे. कातळाच्या फटीत न पाहता हात घालू नये, कारण फुरसे आपल्याइतकेच तेथेही आहे. थोराची फांदी मोडू नये; तिचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, लहान मुलांना हे आधीच बजावून ठेवावे. जैसलमेरच्या पश्चिमेला सीमेकडच्या भागात परवानगीशिवाय जाता येत नाही, ड्रोन तर नेऊच नये. गुग्गुळाच्या झाडाला चीर पाडून डिंक दाखवतो असे कुणी म्हणाले तर ठाम नकार द्यावा. चुकीच्या रीतीने आणि वारंवार डिंक काढल्यामुळेच ती जात आज नामशेष होण्याच्या सीमेवर आहे.

मार्चमध्ये जाणाऱ्यांनी रोहिडा कोणत्या जमिनीवर, कोणत्या रंगात फुललेला दिसला, याची नोंद छायाचित्रासह येथे टाकावी. पिवळी, केशरी आणि लाल झाडे एकाच शेतात शेजारीशेजारी असतात की वेगवेगळ्या जागी, हे चार-पाच जणांच्या नोंदी एकत्र आल्या तर पाहता येईल. आकलला जाणाऱ्यांनी आसपासच्या दगडांत शिंपल्यांचे ठसे दिसतात का तेही पाहावे, कारण त्या जंगलानंतर तेथे समुद्र आला होता आणि जैसलमेरचा पिवळा चुनखडक त्याच समुद्रात तयार झाला. ठसे पाहावेत, छायाचित्र घ्यावे आणि दगड जागच्या जागी ठेवावा.